झाडलेलं अंगण

कारतक, मंगळवार

वेरसीभाई,

हे पत्र मी दिवाळीपासून टाळतेय. कधी कागद नव्हता, कधी शाई नव्हती, आणि दोन्ही मिळाले त्या दिवशी एक मेंढी अडली, तिच्यातच दिवस गेला. हे सगळे बहाणे. पत्र उघडताना तुझं तोंड कसं होईल ते मला दिसत होतं आणि ते बघायची हिंमत होत नव्हती. आज बसले, कारण उद्या इथला एक जण लोकर घेऊन बाजाराला चाललाय. तो पेटीत टाकील. कुठला बाजार, ते लिहीत नाही.

आधी हे वाच: मी जिवंत आहे. वीरडीच्या तळ्यात गळ टाकले, दोर टाकले, दोन पोहणारे उतरवले असं ऐकलं. माझी घागर काठावर सापडली म्हणून. घागर मीच ठेवली होती, नीट, पालथी, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. पळून जाणारी बाई घागरीची काळजी करते, बघ. आई असती तर हसली असती.

मी रबाऱ्यांच्या डेऱ्यात आहे. मेंढरं घेऊन ते पूर्वेला निघालेत, दरवर्षीसारखे. तुला वाटेल, आली पुन्हा मोंघीच्या पायाला भिंगरी. चौदाव्या वर्षी मेळ्यातल्या चकरीवाल्यांबरोबर मी चार गावं हिंडून आले होते, त्याचं बोलणं तू अजून ऐकवतोस. लग्नात काका काय म्हणाले होते, आठवतं? "भटकी पोर आहे, पगीच्या घरी द्या. पावलं वाचणारा नवरा मिळाला की आपोआप बसेल एका जागी." सगळा मांडव हसला. मीही हसले. मला वाटलं होतं, पावलं वाचणारा माणूस म्हणजे काय गंमत असेल! चोर धरतो, हरवलेली म्हैस शोधतो, पोलीस त्याला जीपमधून न्यायला येतात.

पाय थोडा दुखावलाय. पडले होते. म्हणून चालत नाही, उंटावर बसते, सामानात. माझ्या मांडीवर तीन कोकरं असतात आणि बाजूला एका टोपलीत कोंबड्या. वरून सगळं वेगळंच दिसतं रे. परवा एका शेतात सारस पक्ष्यांची जोडी होती, नर पुढे आणि मादी मागे, आणि नर दर चार पावलांनी थांबून वळून बघत होता. मला वाटलं, हा प्रेमाने बघतोय की पहारा देतोय? असो. काय सांगत होते?

हां. मी का गेले, ते तू विचारणार. तू म्हणशील, चैत्रात घरी आली होती तेव्हा नवरा स्वतः न्यायला आला होता, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून. आला होता. तुझ्यासमोर म्हणाला, "हिच्या डोक्यात काहीतरी बसलंय, भाई. सांभाळून घेऊ." आणि मला तुम्ही गुळाचा शिरा खाऊ घालून जीपमध्ये बसवलंत. मी काही बोलले नाही, कारण तेव्हा मलाही वाटत होतं की डोक्यात काहीतरी बसलंय.

ते पुढे कधीतरी लिहीन. आत्ता लिहिता येत नाही.

एवढं मात्र ऐक. साटंलोटं आहे आपलं. त्याची बहीण तुझ्या घरी, तुझी बहीण त्याच्या घरी, एका मांडवात दोन्ही लग्नं. मी परत गेले नाही तर ते रूडीला न्यायला येतील. तू नेऊ देऊ नकोस. दारात आडवा पड, पंचांच्या पाया पड, काहीही कर. तू तिला सायकलवर पुढे बसवून मळ्यात नेतोस, गावभर तुला बायलीचा म्हणतात, आणि तू फक्त घंटी वाजवतोस. तुझं ते सुख मी बघितलंय. ते मोडावं म्हणून मी गेले नाही.

मी कुठे आहे ते कुणाला सांगू नकोस. रूडीलाही नको.

तुझी मोंघी


मागशर. राधनपूरच्या पुढे, जिऱ्याच्या शेताच्या बांधावर

वेरसी,

भाई लिहीत नाही. हे पत्र टाकणारही नाही, मग काय लिहायचं ते लिहीन.

तू माझं पत्र माझ्या नवऱ्याला दाखवलंस.

मला कसं कळलं? त्याने स्वतः सांगितलं. माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर उभं राहून सांगितलं. मी तुला सगळं लिहिते, मग तू ठरव.

सकाळी डेरा हलायच्या तयारीत होता. उंटांवर खाटा चढल्या, भांडी चढली, कोकरं चढली, मी चढले. मला आता वेजूमाचे कपडे आहेत. काळं लोकरीचं लुगडं, काळी ओढणी. वेजूमा म्हणजे या डेऱ्यातली म्हातारी. हिनेच मला घेतलं. वीरडीला ताक मागायला आमच्या दारात यायची, आणि मी ताक देताना भिंतीला धरून चालते हे तिने बघितलं. काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "उद्या दुपारी आमची मेंढरं तळ्याच्या वाटेने निघतील. सातशे आहेत. त्यांच्या मागे वाटेवर काही उरत नाही, बाईचं पाऊल तर नाहीच. उंटावर तीन कोकरं बसतात. चौथी तू." एवढंच. घागर घेऊन निघाले, मेंढरांच्या पुढे राहिले, काठावर घागर ठेवली. बस.

तर सकाळी फटफटीचा आवाज आला. मला मान वळवायची गरज नव्हती. ती फटफटी थांबताना दोनदा खोकते.

"राम राम, मा."

त्याचा आवाज तुला ठाऊक आहे. मऊ. सरतान कधी ओरडत नाही. वीरडीत कुणीही शपथेवर सांगेल, त्या घरातून कधी मोठा आवाज आला नाही.

वेजूमा दोर आवळत होती. म्हणाली, "राम राम. मेंढी पाहिजे की लोकर?"

"बाई हरवलीय आमची."

"बाई कशी हरवेल रे? मेंढी हरवते. बाई जाते."

बाकीच्या बाया फिस्सकन हसल्या. तोही हसला. "तोंड तिखट आहे तुमचं, मा. जरा फिरून बघू का डेऱ्यात? तुमची हरकत नसेल तर."

"बघ की. जमीन काय माझ्या बापाची आहे?"

आणि तो बघायला लागला. वेरसी, तुला मी काय सांगू! तो जमीन बघत होता. मान खाली, हात पाठीमागे. पाण्याच्या डोणीपाशी जिथे चिखल होता तिथे उकिडवा बसला. चुलींभोवती फिरला. बाया जिथे परसाकडे जातात त्या बाभळींमागे जाऊन आला. एकेक पाऊल बघत होता आणि मधूनच एखाद्या बाईच्या पायांकडे, घोट्यापर्यंत, त्याच्या वर नाही. "ही तुमची मोठी सून का, मा? गरोदर आहे, पाचवा असेल." वेजूमाची सून तोंडाला पदर लावून बघतच राहिली, कारण तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

मग तो माझ्या उंटाशी आला. सामानाच्या दोरावर हात टेकला आणि उंटिणीच्या पायांमधली माती बघायला वाकला. मला त्याच्या डोक्यावरचा भोवरा दिसत होता. तेलाचा वास येत होता. माझ्या मांडीवरचं कोकरू मुतलं, ते गरम माझ्या मांडीवरून खाली ओघळलं, दोन थेंब त्याच्या खांद्याजवळ पडले. त्याने जरा वर बघितलं असतं तर संपलं होतं. ओढणी होती, पण डोळे तर माझेच होते ना.

नाही बघितलं. मातीत माझं पाऊल नव्हतं, म्हणून त्याच्या लेखी मी तिथे नव्हते. जगात आणखी कुणी ही चूक केली नसती. एखादा साधा दारुड्या नवरा असता तर त्याने आधी सगळ्यांचे पदर ओढले असते.

जाताना तो वेजूमाला म्हणाला, "तिच्या भावानेच कागद आणून दाखवला, मा. गाव लिहिलं नव्हतं, पण टपालाचा शिक्का वाराहीचा. कागदाला मेंढीचा वास. म्हणून आलो. भाऊ भला माणूस आहे, त्याला त्याचं घर टिकवायचंय." मग जरा मोठ्याने, कुणाकडेही न बघता म्हणाला, "तुम्हाला कुठे भेटली तर सांगा. रूडीला आम्ही घरी आणलीय. नीट आहे. अजून नीट आहे."

फटफटी गेली. वेजूमाने दोर आवळून गाठ मारली. मग वर बघून म्हणाली, "उतरू नकोस. थरथर संपेपर्यंत बस तिथेच. कोकरांनाही कळतं."

तर आता तुला सांगते, जे चैत्रात सांगितलं नाही.

तो रोज सकाळी निघायच्या आधी अंगण झाडायचा. शेजारणी मला म्हणायच्या, नशीबवान आहेस, नवरा अंगण झाडतो. दारापासून फाटकापर्यंत, गोठ्यापर्यंत, बारीक माती, खराट्याच्या रेघा अशा सरळ की वाटावं वहीचं पान आहे. संध्याकाळी येऊन तो ते पान वाचायचा. "दुपारी फाटकाशी गेलीस. उभी राहिलीस. बराच वेळ. डाव्या पायावरून उजव्यावर आलीस दोनदा. कुणाची वाट बघत होतीस?" मारत नव्हता तेव्हा. फक्त वाचायचा. मी घरात बसायला लागले. तर म्हणायचा, "आज अंगण कोरं आहे. का? काय लपवतेस?"

मग फाल्गुनात ती पावलं सुरू झाली. सकाळी उठवायचा, हाताला धरून बाहेर आणायचा. फाटकापासून माझ्या खाटेपर्यंत पुरुषाच्या जोड्याची पावलं. आणि परत. आम्ही उन्हाळ्यात बाहेरच झोपतो, तो ओसरीवर, मी अंगणात. "कोण येतं?" इतक्या हळू विचारायचा. "सांग. मी रागावणार नाही. मला फक्त कळू दे." मी म्हणायचे, कुणी नाही. तो म्हणायचा, "माती खोटं बोलते का?"

आणि वेरसी, माती खोटं बोलत नाही हे त्या घरात भाकरीसारखं रोज खायचं असतं. मी खाटेच्या पायाला दोरा बांधला. मी मिठाचा खडा तोंडात धरून जागी राहायचे. तरी सकाळी पावलं. एखादी डुलकी लागत असेल तेवढ्यात. शेवटी मला वाटायला लागलं, खरंच कुणी येत असेल. मी उठून बोलत असेन त्याच्याशी, आणि मला आठवत नसेल. त्याच वेळी मी आपल्या घरी आले होते. तुला म्हणाले होते, "भाई, मला माझा भरवसा वाटत नाही." तू म्हणालास, विश्रांती घे.

परत नेल्यावर एकदा तो पोलिसांबरोबर दोन दिवस गेला होता. जाताना एक पाऊल टोपलीखाली झाकून ठेवून गेला. पुरावा झाकतात तसा. मला रोज त्या टोपलीभोवतून जावं लागायचं. दुपारी सासरे बाहेर आले. वाघाबापांना आता दिसत नाही, सावल्या दिसतात फक्त. एके काळी सरहद्दीपर्यंत नाव होतं त्यांचं. चाचपडत गेले, टोपली उचलली, उकिडवे बसले आणि त्या पावलात बोटं घातली. टाच, चवडा, कड. आंधळा माणूस नातवाचं तोंड चाचपतो तसं. बराच वेळ.

मग म्हणाले, "जोडा परका आहे. माणूस घरचा आहे."

टोपली परत झाकली. मी पुढे काही ऐकायला उभी राहिले. तर म्हणाले, "सूनबाई, चहा टाक."

मी चहा टाकला. रडले नाही, हसले. मी वेडी नाही रे! चुलीपुढे बसून मी हसत होते आणि बापा बाहेरून विचारत होते, साखर घातलीस का.

त्यांनी मुलाला कधी काही विचारलं नाही. मीच विचारलं. ती माझी चूक. तो परत आल्यावर त्याच्या तोंडावर म्हणाले, "जोडा परका, माणूस घरचा." तो हसला, जसा आज वेजूमापुढे हसला तसा.

मी पडले नव्हते, वेरसी. त्याने मुसळ घेतलं. माझा डावा पाय उंबऱ्यावर ठेवून टाचेवर घातलं, एकदाच, नीट बघून. नंतर हळद तापवून स्वतः बांधली. बांधता बांधता म्हणाला, "आता तुझं पाऊल हजारांत ओळखू येईल. कुठेही जा."

आणि त्यामुळेच मी आज उंटावर होते. चालता येत असतं तर डोणीपाशी माझं पाऊल त्याला सापडलं असतं. हे त्याला कधी कळणार नाही, याचा मला इतका आनंद झाला आणि मग रूडी आठवली.

अजून नीट आहे, म्हणाला.

तू तिला का सोडलंस? दारात आडवा का नाही पडलास? की त्याने सांगितलं, मोंघी आण आणि रूडी ने? तू तर हिशेबाने बरोबरच वागलास. तुझ्या जागी मी असते तरी... जाऊ दे. कागद संपला. जिऱ्याच्या शेतकऱ्याने मेंढरं बसवायला बोलावलंय, खतासाठी, त्याची बायको बघायला आलीय की रबारणी कशा दिसतात. मला म्हणते, तुझ्या हातावर गोंदण कसं नाही? वेजूमा म्हणाली, "ही आजारी होती, गोंदायची राहिली." किती सहज बोलते ती खोटं.


पोष, गुरुवार. बनासच्या कोरड्या पात्राशी

वेरसीभाई,

मागचा कागद पेटीच्या तळाशी आहे. तो फाडावा की ठेवावा, कळत नाही. हे मात्र टाकणार आहे.

मी परत जातेय.

आता वाचताना घाईने उडी मारून जाऊ नकोस, सगळं वाच. महिनाभर मी त्याचे ते तीन शब्द ऐकतेय. भाकरी भाजताना, कोकराला बाटली लावताना. सरतान रूडीला काय करील? ती त्याची सख्खी बहीण आहे, असं मी स्वतःला सांगते. मग मला आठवतं की मी त्याची बायको होते. रूडी हसरी आहे, मोठ्याने बोलते, शिट्टी वाजवते. ते घर तिला ओळखीचं आहे, पण त्या घरातला झाडलेला भाग तिने बघितला नाही. ती सासरी गेली त्या दिवसापासून त्याने झाडायला सुरुवात केली.

तेव्हा असं ठरवलंय. नदीच्या पात्रात वाळू ओली आहे, मधोमध अजून एक धार वाहते. उद्या सकाळी मी उंटावरून उतरेन आणि अनवाणी चालेन. पुलापर्यंत, उघड्यावर, डावी टाच टेकवत. तो दर आठवड्याला या पुलावरून पलीकडच्या ठाण्यात जातो, त्याची फटफटी आम्ही दोनदा ऐकलीय. त्याला उतरायचीही गरज पडणार नाही. मी पुलाखाली बसून राहीन. तो आला की म्हणेन, आधी रूडीला पोचव, मग मी चढते. तो ऐकेल. त्याला त्याचं ते झाडलेलं अंगण फार आवडतं, आणि दोघी एकदम सांभाळणं त्यालाही जड जातं असणार.

वेजूमाला सांगितलं. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"तुझं डोकं फिरलंय का ग?"

"हेच सगळे म्हणायचे मला, मा."

"मग सगळे तेव्हा चुकीचे होते. मी आज बरोबर आहे." आणि मग शिव्या. रबारी शिव्या मी तुला लिहीत नाही, टपालवाल्यांनी उघडलं तर पत्र जप्त करतील. "एका पोरीला वाचवायला दुसरी पोर विहिरीत टाकायची, हा कुठला धंदा? तुझ्या भावाला हातपाय नाहीत? त्याला म्हणावं, ये आणि आण तुझी बायको. कोकरू चुकलं तर मेंढी बें बें करत सगळा डेरा फिरते. हा तर नवरा आहे!"

मी म्हणाले, तो भित्रा नाही, मा. तो फक्त सरळ आहे. साटं म्हणजे साटं, एक सुटलं की दुसरं सुटतं, हे त्याला लहानपणापासून शिकवलंय.

"मला पण शिकवलं होतं," म्हणाली. मग भाकऱ्या थापायला लागली, तीन करपवल्या.

भाई, मला मरायची भीती नाही वाटत. मला भीती वाटते ती दुसरीच. मी परत गेले, की एक दिवस येईल जेव्हा तो सकाळी मला बाहेर आणेल, पावलं दाखवेल, आणि मी पुन्हा त्यावर विश्वास ठेवीन. बापांची बोटं मी विसरून जाईन. म्हणून मागचा कागदही यातच घालते. तू ठेव. एखाद्या दिवाळीला तू वीरडीला आलास आणि मी तुला म्हणाले की भाई, माझा मला भरवसा वाटत नाही, तर हा मला वाचून दाखव. एवढं कर. शिरा नको खाऊ घालूस.

आणि रूडी घरी आली की तिला काही विचारू नकोस. सायकलवर बसव आणि

थांब. कुत्री भुंकतायत. पुलाकडून कुणीतरी येतंय, चालत. फटफटी नाही. वेजूमा काठी घेऊन उठलीय.

वेरसी, तासाभराने लिहितेय.

रूडी आलीय.

एकटी. पायात एकच चप्पल, दुसरी पुलाखाली चिखलात राहिली. आली आणि आधी वेजूमाच्या कुत्र्यांना शिट्टी घातली, ती गप्प झाली. मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "वहिनी, तू जाड झालीस." आणि मग दोघी खाली बसलो, त्याचं लिहीत नाही.

कसं सापडलं, विचारलं. म्हणाली, दादा त्या दिवशी घरी येऊन चिडचिड करत होता. तिने त्याला पहिल्यांदा मोठ्याने बोलताना ऐकलं. "त्या डेऱ्यात तिचं एक पाऊल नाही! एक नाही!" तो बाहेर गेल्यावर बापा आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "टाच फोडली, आणि आता हा तिची पावलं शोधतोय." एवढंच बोलले. पण मी पगीची पोर आहे, म्हणाली. जिला चालता येत नाही ती कशावर तरी बसलेली असणार. आणि हा डेरा दर पोषात बनासच्या पुलाशी उतरतो, हे वीरडीत सगळ्यांना ठाऊक आहे.

मग बापांनीच डोळ्यांचं निमित्त काढलं. कधी नव्हे ते दवाखान्यात जायचं म्हणून हट्ट धरला, हात धरायला रूडी पाहिजे म्हणाले. राधनपूरला रांगेत बसले आणि तिला म्हणाले, "माझा नंबर यायला वेळ आहे. मला डुलकी लागणार आहे. मोठी लागणार आहे." म्हातारा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला आणि ती बसमध्ये चढली. "बसची चाकं दादाला वाचता येत नाहीत," म्हणते आणि हसते. हसताना तिचा डावा कान ती हाताने झाकते. का, ते मी अजून विचारलेलं नाही.

तो शोधेल. आज नाही तर उद्या. म्हाताऱ्याचं काय करील, ते आम्ही दोघी बोलत नाही. पण मी उद्या वाळूत उतरत नाहीये, कारण आता परत जाऊन सोडवायला तिथे कुणी राहिलेलं नाही.

मी विचारलं, "वेरसीला काय लिहू? घरी पाठवते म्हणून लिहू?"

ती म्हणाली, "कुणी पाठवायचं नाही मला. ना तिकडून, ना इकडून. लिही की मी इथे आहे. पात्राच्या पूर्वेला, काळ्या उंटिणीचा डेरा. सगळं स्पष्ट लिही. शिक्का झाकू नकोस."

"आणि त्याने पुन्हा तुझ्या दादाला दाखवलं तर?"

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "तर मला कळेल," म्हणाली.

भाई, ती आत्ता माझ्या शेजारी बसून, मी काय लिहितेय ते वाचतेय. तिला झोप आलीय पण झोपत नाही.